निसटणारी चप्पल आणि कंबरेचा एमआरआय : कळव्यातील एका कामगाराचे प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ५१ वर्षांचे असून ते कळव्यात राहतात आणि रबाळे एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात गेली जवळजवळ तीस वर्षे लेथवर टर्नर म्हणून काम करतात. मी त्यांच्या कुटुंबाचा डॉक्टर आहे आणि त्यांच्या संमतीनेच, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे लिहीत आहे. आजार म्हणून यात अपूर्व असे काहीच नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळा घेऊन येणारे रुग्ण कोणत्याही दवाखान्यात रोज दिसतात. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण एमआरआय या तपासणीविषयी रुग्णांच्या मनात असलेले बहुतेक सगळे प्रश्न इथे एकापाठोपाठ एक समोर आले आणि त्यातल्या एका टप्प्यावर माझ्याकडूनही एक महत्त्वाची नोंद करायची राहून गेली.

पहिल्या भेटीत एमआरआय का सांगितला नाही

कारखान्यात लोखंडी सळ्यांचा जुडगा उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली. दोन दिवस शेक घेऊन, मलम चोळून त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी दुखणे कंबरेत राहिले नाही, ते उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या अंगाने पोटरीत आणि तिथून पावलाच्या वरच्या भागापर्यंत उतरले. खोकला किंवा शिंक आली की पायात वीज चमकल्यासारखी कळ येई. कळव्याहून ठाण्याला यायचे, पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जायचे आणि पनवेल किंवा वाशी गाडीत उभ्याने रबाळे गाठायचे, हा रोजचा प्रवासच त्यांना अशक्य झाला होता.

खुर्चीवर नीट बसायच्या आधीच ते म्हणाले, “डॉक्टर, एकदाचा एमआरआय काढून टाकू या, म्हणजे काय ते कळेल तरी.”

मी त्या दिवशी एमआरआय लिहून दिला नाही. त्याऐवजी मी त्यांना बरेच प्रश्न विचारले. ताप येतो का, वजन उतरले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या आहेत का, उंचावरून पडलात का, आणि मुख्य म्हणजे लघवी अडते किंवा नकळत होते का, संडासवरचा ताबा गेला आहे का, बैठकीचा भाग बधिर झाला आहे का. शेवटच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले असते, तर त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवून तातडीने एमआरआय करावा लागला असता, कारण त्या स्थितीत तासांचा उशीरसुद्धा कायमचे नुकसान करू शकतो. सगळी उत्तरे ‘नाही’ अशीच आली. त्यांना उताणे झोपवून उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला, तेव्हा साधारण ४० अंशांवर कळ पोटरीपर्यंत गेली. दोन्ही पायांची ताकद मात्र सारखी होती.

यावरून हा सायटिका आहे, म्हणजे कंबरेच्या मणक्यातून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब आलेला आहे किंवा ते चिडलेले आहे, हे समजण्यासाठी चित्राची गरज नव्हती. असे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात आणि पहिल्या काही आठवड्यांत काढलेल्या एमआरआयने उपचारात सहसा काहीही बदलत नाही. वेदनाशामक औषधे, जड उचलणे बंद, अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढे चालणे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट, एवढे सांगून मी त्यांना घरी पाठवले. ते नाराज होऊन गेले, हे मला दिसत होते. तपासणी नाकारली म्हणजे दुखण्याकडे दुर्लक्ष केले असे रुग्णाला वाटते आणि त्यात त्याची चूक नाही. नकाराचे कारण सांगायला आम्ही पुरेसा वेळ देत नाही.

चप्पल

बाराव्या दिवशी ते पत्नीबरोबर आले. वेदना थोडी कमी होती, त्यामुळे ते स्वतः समाधानी होते. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी : “दुखणं कमी आहे म्हणतात, पण यांची उजवी चप्पल पायात राहतच नाही हो, डॉक्टर. परवा पुलावर चढताना दोनदा मागे राहिली. यांना कळलंसुद्धा नाही, मीच उचलून दिली.”

या एका वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली. चालताना चप्पल पायात धरून ठेवायची तर पाऊल आणि अंगठा वर उचलला जावा लागतो आणि ते काम करणाऱ्या स्नायूंना मुख्यतः एल-५ या, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी बाहेर पडणाऱ्या, मज्जामुळाकडून आज्ञा मिळते. मी त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर माझे बोट ठेवून ते वर उचलायला सांगितले. डाव्या अंगठ्याने माझे बोट सहज वर ढकलले; उजवा अंगठा वर आला खरा, पण थोडा जोर लावताच खाली गेला. शक्ती पाचपैकी चार; पाच म्हणजे पूर्ण. टाचांवर चालायला सांगितले तेव्हा उजवे पाऊल पुढून जमिनीला टेकत होते. अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाच्या मधल्या जागी कापूस फिरवला तर तो त्यांना नीट जाणवत नव्हता.

वेदना कमी होत असताना ताकद कमी होणे हे चांगले लक्षण नाही. आता एमआरआय हवा होता. ‘काय ते कळावे’ म्हणून नव्हे, तर उजवे एल-५ मूळ नेमके कुठे आणि कशाने दबले आहे आणि तो दाब शस्त्रक्रियेने काढावा लागेल इतका आहे का, या ठरावीक प्रश्नाच्या उत्तरासाठी. हा प्रश्न मी चिठ्ठीवर लिहिला. रुग्णाचा व्यवसाय मात्र लिहिला नाही.

हे चित्र पाण्याचे असते

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. दोन मणक्यांमधली गादी आणि तिच्यामागून जाणारे मज्जातंतू त्यात दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये हाडांचे बारकावे उत्तम दिसतात, गादीही बऱ्यापैकी दिसते, परंतु त्यात क्ष-किरण वापरावे लागतात आणि मज्जातंतूंचा तपशील एमआरआयइतका मिळत नाही. “यात किरण किती लागतात?” असे रुग्णांच्या पत्नीने विचारले. एमआरआयमध्ये क्ष-किरण मुळीच नसतात. या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता, पण तो अणूच्या केंद्रकाला उद्देशून होता. लोक अणुऊर्जेच्या धास्तीने घाबरू नयेत म्हणून रुग्णालयांतील वापरात तो गाळण्यात आला.

आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आणि चरबी यांचा असतो आणि दोहोंत हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन आणि तो एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक प्रबळ क्षेत्रात, रुग्णाला ठेवले की त्यांच्यापैकी थोडे जास्त प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने झुकतात आणि सगळेच सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा भोवऱ्यासारखी घिरटी घेऊ लागतात. त्याच गतीच्या, म्हणजे सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडल्या की प्रोटॉन त्या लहरींची ऊर्जा घेऊन कलतात आणि लहरी थांबल्या की मूळ जागी परतताना स्वतःच क्षीण रेडिओसंदेश देतात. आपण ऐकतो त्या एफएम केंद्रांची पट्टी ८८ मेगाहर्ट्झपासून सुरू होते; तिच्यापासून हे फार दूर नाही. म्हणूनच बाहेरच्या लहरी आत शिरू नयेत यासाठी एमआरआयच्या खोलीला भिंतीतून तांब्याचे आवरण घातलेले असते.

खरी कळीची गोष्ट पुढे आहे. परतण्याचा वेग पाण्यात वेगळा, चरबीत वेगळा, स्नायूत वेगळा आणि सुजलेल्या भागात आणखी वेगळा असतो. संगणक या फरकांचे काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये रूपांतर करतो. टी-२ नावाच्या चित्रमालिकेत पाणी पांढरे दिसते. मणक्याच्या नळीतील द्रवाचा शुभ्र पट्टा आणि त्यातून खाली जाणारे मज्जामुळांचे काळसर धागे त्यात स्पष्ट ओळखू येतात. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास मज्जारज्जू संपतो आणि पुढे या धाग्यांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा उतरतो, म्हणूनच त्याला अश्वपुच्छ म्हणतात. निरोगी गादीच्या गाभ्यात पाणी असते, म्हणून ती मध्यभागी उजळ दिसते. सुकलेली गादी काळी दिसते. चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम थोडा उतार ठेवला, म्हणजे ते जागोजागी किंचित कमी-जास्त प्रबळ केले, तर कोणता संदेश शरीराच्या कोणत्या ठिकाणाहून आला हे कळते, हा विचार पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडला आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्यापासून वेगाने चित्र घेण्याचे गणित बसवले. दोघांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत माणसाच्या आतले पाणी न कापता, न टोचता पाहता यावे, याचे मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटते.

अर्जावरचा एक रकाना

ठाण्यातील तपासणी केंद्रात त्यांच्या हाती सुरक्षेचा अर्ज देण्यात आला. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानात यंत्र बसवले आहे का, शरीरात धातूची वस्तू आहे का, अशा सगळ्या रकान्यांत त्यांनी ‘नाही’वर खूण केली. तिथल्या टेक्निशियन बाईंनी अर्ज वाचला आणि सहज विचारावे तसे विचारले, “काका, काम काय करता तुम्ही?” लेथवर असतो, असे त्यांनी सांगितले. “मग डोळ्यात कधी कीस उडाला होता का?”

उडाला होता. साधारण वीस वर्षांपूर्वी लोखंडाचा बारीक कण उजव्या डोळ्यात गेला होता आणि तो कारखान्याजवळच्या दवाखान्यात कापसाने काढण्यात आला होता. ‘शरीरात धातूची वस्तू’ म्हणजे ऑपरेशनने घातलेली सळी किंवा प्लेट, अशी त्यांची समजूत होती. डोळ्यातला कचरा त्यांना आठवलासुद्धा नव्हता. पोलादाचा एखादा सूक्ष्म तुकडा डोळ्यात राहून गेला असेल तर तो प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हलू शकतो आणि डोळ्याला आतून इजा करू शकतो. अशा तऱ्हेने एका रुग्णाच्या एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ सालीच वैद्यकीय साहित्यात झालेली आहे. त्यांच्या डोळ्यांचे एक्स-रे काढण्यात आले, रेडिओलॉजिस्टनी ते पाहिले आणि धातू नाही याची खात्री झाल्यावरच त्यांना आत घेण्यात आले. पाऊण तास गेला. मी चिठ्ठीवर ‘टर्नर’ एवढा एक शब्द लिहिला असता, तर हे त्या बाईंच्या सावधपणावर अवलंबून राहिले नसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात लेथ, ग्राइंडिंग आणि वेल्डिंग करणारी इतकी माणसे आहेत की इथल्या कोणत्याही डॉक्टरने हा प्रश्न विसरू नये.

या खोलीतील चुंबक कधीच बंद नसतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. त्याच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात आणि त्या तापमानाला विजेला तारेत अडथळाच उरत नाही, त्यामुळे तपासणी चालू नसताना, रात्री किंवा वीज गेल्यावरही क्षेत्र तेवढेच प्रबळ राहते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि त्याबरोबर यंत्राकडे खेचल्या गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. म्हणून बरोबर येणाऱ्या माणसानेही तेवढीच काळजी घ्यायची असते. या रुग्णांच्या पत्नीला खोलीच्या दाराशी थांबायचे होते. त्यांना मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना आणि साडीला लावलेल्या तीन सेफ्टी पिना काढून ठेवाव्या लागल्या. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, पण स्वस्त दागिन्यात आत कोणता धातू आहे हे बाहेरून समजत नाही आणि कोणताही धातू रेडिओलहरींनी तापू शकतो. औषधाच्या काही चिकटपट्ट्यांतही धातूचा पापुद्रा असतो आणि त्यामुळे कातडी भाजू शकते. हृदयातले स्टेंट आणि हाडातली टायटॅनियमची प्लेट यांना सहसा अडचण येत नाही, मात्र त्यांचे कार्ड किंवा शस्त्रक्रियेचा कागद दाखवणे आवश्यक असते. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का हे हृदयरोगतज्ज्ञांकडून आधी ठरवून घ्यावे लागते.

तपासणी पंचवीस मिनिटे चालली. कानात बोळे, गुडघ्यांखाली उशी, हातात दाबायचा रबरी फुगा. मोठ्या चुंबकाच्या आत असलेल्या वेटोळ्यांतून वीजप्रवाह फार वेगाने चालू-बंद होतो, त्या धक्क्यांनी वेटोळी थरथरतात आणि त्याचाच तो ठोकल्यासारखा आवाज येतो. तो शंभर डेसिबलच्याही वर जातो. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात उभे राहिलेल्या या माणसाला आवाजाचे काही वाटले नाही. त्यांना जड गेले ते न हलणे. पायात कळ आली तेव्हा त्यांनी पाय किंचित सरकवला आणि एक चित्रमालिका पुसट आल्याने ती पुन्हा घ्यावी लागली. कळ असह्य असेल तर तपासणीपूर्वी वेदनाशामक घेऊन जावे, हे मी त्यांना सांगायला हवे होते. त्यांना नसेतून औषध टोचले नाही, कारण चित्रातला फरक उठून दिसावा म्हणून देतात त्या गॅडोलिनियमयुक्त औषधाची गरज जंतुसंसर्ग, गाठ किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेली पाठ अशा वेळी पडते आणि ते देण्यापूर्वी मूत्रपिंडांची स्थिती पाहिली जाते.

अहवाल आणि एक अस्वस्थ रात्र

अहवाल रात्री मोबाइलवर आला आणि मुलाने तो वाचला. तीन गाद्या ‘खराब’, मणक्यांना हाडाचे टोक, एका गादीचा भाग बाहेर, आणखी एका गादीचा डाव्या मज्जामुळाला स्पर्श आणि एका मणक्यात ‘हिमॅन्जिओमा’. मुलाने तो शब्द शोधला आणि त्याला ‘ट्यूमर’ असा अर्थ मिळाला. त्या घरात त्या रात्री कोणी जेवले नाही.

सकाळी आम्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून एकेक ओळ चित्रात शोधली. हिमॅन्जिओमा म्हणजे मणक्यातल्या रक्तवाहिन्यांचा, बहुतेकदा जन्मभर निरुपद्रवी राहणारा पुंजका. तो सुमारे दहापैकी एका माणसात असतो आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात सापडतो. त्यांच्या पुंजक्यात काळजीचे कोणतेही चिन्ह नव्हते. गाद्यांचे म्हणाल, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींची चित्रे तपासली होती. पन्नाशीच्या वयात त्यांच्यापैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या निरोगी माणसांतही ३७ टक्क्यांत झीज दिसली. डोक्यावरचे पांढरे केस जसे, तशी ही झीज.

मग उरले काय? डावीकडच्या एस-१ मुळाला, म्हणजे एल-५च्या खालच्या मुळाला, गादी टेकलेली होती, पण त्यांचा डावा पाय पूर्णपणे ठीक होता, म्हणजे त्या नोंदीचा या दुखण्याशी संबंध नव्हता. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधल्या गादीचा साधारण वाटाण्याएवढा तुकडा मात्र मध्याच्या किंचित उजवीकडे मागे सरकला होता आणि तिथे पांढऱ्या पट्ट्याला खाच पडून उजवे एल-५ मूळ बाजूला ढकलले गेले होते. ज्या मुळाचे नाव अंगठ्याने आधीच सांगितले होते, तेच. अहवालातल्या सहा ओळींपैकी या एकाच ओळीवर उपचार करायचे होते. मी त्यांना फिल्मवर ती खाच बोटाने दाखवली, त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे बाकीचं सगळं वयाचं.” मला हेच सांगायचे होते. रेडिओलॉजिस्टला दिसते ते सगळे लिहावेच लागते, त्यात काही गैर नाही; त्यातले रुग्णाचे कोणते आणि वयाचे कोणते, हे मात्र त्याच्या पायाला हात लावलेल्या डॉक्टरनेच वेगळे करायचे असते.

पुढील दहा आठवडे

एका नातेवाइकाने ताबडतोब ऑपरेशन करून घ्या असे सांगितले आणि दुसऱ्याने कंबरेला कधी सुरी लावू देऊ नका असे बजावले. मणक्यांच्या शल्यचिकित्सकांनी चित्र आणि अंगठा दोन्ही पाहून दोहोंच्या मधला मार्ग ठरवला : शक्ती पाचपैकी चार आहे आणि लघवीची तक्रार नाही, तोवर थांबता येईल, ती तीनवर आली किंवा बैठकीचा भाग बधिर वाटू लागला, तर थांबायचे नाही. गादीचा पूर्ण बाहेर आलेला तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा अधिक वेळा शरीर स्वतःच शोषून घेते, हे ऐकून घरच्यांना आश्चर्य वाटले, कारण चित्रात तोच सर्वांत भयंकर दिसत होता. मी दर आठवड्याला त्यांचा अंगठा तपासला. फिजिओथेरपी सुरू झाली. सहाव्या आठवड्यात पायाची कळ जवळजवळ थांबली आणि दहाव्या आठवड्यात उजव्या अंगठ्याने माझे बोट डाव्याइतक्याच जोराने वर ढकलले.

तेव्हा त्यांनी पुन्हा एमआरआय काढायचा का, असे विचारले. तुकडा गेला की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. मी नको म्हणालो. लक्षणे गेल्यावरही चित्रात तुकडा काही काळ दिसू शकतो आणि तो दिसला किंवा नाही दिसला तरी उपचारात फरक पडणार नव्हता. कळ परतली, ताकद घटली किंवा लघवीची तक्रार उद्भवली तर मात्र त्याच दिवशी यायचे. या वेळी ते नाराज झाले नाहीत.

एमआरआयची सीडी, फिल्म आणि डोळ्यांच्या एक्स-रेचा तारीख असलेला अहवाल आता एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आहेत. डोळ्यात पुन्हा कीस उडाला तर तो एक्स-रे जुना झाला असे समजायचे, हेही त्यांना सांगितले आहे. त्या फाइलच्या पहिल्या पानावर वय आणि रक्तगटाच्या खाली मी माझ्या हाताने लिहिले आहे : व्यवसाय – टर्नर, लेथ.